लोज्बान भाषेतील संचसदस्यत्व

लोज्बान भाषेतील संचसदस्यत्व म्हणजे एखादी व्यक्ती, वस्तू किंवा संख्या एखाद्या संचाचा घटक आहे, हा संबंध लोज्बान या कृत्रिम तार्किक भाषेत व्यक्त करण्याची व्याकरणिक व्यवस्था होय. गणितात हा संबंध ∈ या चिन्हाने दाखवतात. लोज्बानमध्ये त्यासाठी 'श्मिमा' हा विधेयशब्द, 'लोहि' आणि त्याच्या वर्गातील संचदर्शक उपपदे, 'शे' हा संचजोडक आणि संचांवरील क्रिया दर्शवणारे काही लघुशब्द आहेत. नैसर्गिक भाषांत 'आहे' या एकाच क्रियापदाने व्यक्त होणारे सदस्यत्व, समावेश आणि तादात्म्य हे तीन संबंध लोज्बानमध्ये वेगवेगळ्या रचनांनी मांडता येतात. मात्र प्रत्यक्ष वापरात संचदर्शक रचनांचे स्थान कालांतराने आकुंचित झाले असून त्यांची जागा बऱ्याच अंशी अनेकवाची संदर्भाने घेतली आहे.

लोज्बान रोमन लिपीत लिहिली जाते. या लेखात तिचे शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. रोमन वर्णमालेतील तिसऱ्या अक्षराचा उच्चार लोज्बानमध्ये 'श' असा होतो आणि दोन स्वरांमधील लोपचिन्हाचा उच्चार 'ह' असा होतो.

== पार्श्वभूमी ==

जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली 'लोग्लान' या तार्किक भाषेची रचना सुरू केली. भाषेची घडण विचारावर परिणाम करते, या सापीर-व्होर्फ गृहीतकाची चाचणी घेता यावी, हा तिचा मूळ हेतू होता. १९६० साली 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकात ब्राउन यांचा लेख आल्यानंतर ही भाषा अभ्यासकांना परिचित झाली. पुढे भाषेच्या स्वामित्वावरून मतभेद झाले आणि १९८७ साली लॉजिकल लँग्वेज ग्रुप या संस्थेने लोज्बानच्या स्वतंत्र विकासास प्रारंभ केला. जॉन काउअन यांनी लिहिलेला लोज्बानचा संदर्भव्याकरण ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला.

लोज्बानचे मूळ विधेयशब्द पाच अक्षरांचे असतात. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतील शब्दांच्या ध्वनींवरून, त्या त्या भाषेच्या भाषकसंख्येला अनुसरून भारांक देऊन ते तयार करण्यात आले. भाषेचे व्याकरण विधेय तर्कशास्त्रावर आधारलेले आहे. प्रत्येक वाक्याची व्याकरणिक फोड एकाच प्रकारे व्हावी, हे तिचे मुख्य रचनातत्त्व आहे.

संचसदस्यत्वाच्या चिन्हाचा इतिहासही भाषेशी निगडित आहे. इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८९ साली सदस्यत्वासाठी ग्रीक एप्सिलॉन हे अक्षर वापरले. 'आहे' या अर्थाच्या 'एस्ती' या ग्रीक क्रियापदाचे ते आद्याक्षर होय. पेआनो यांनीच १९०३ साली विभक्तिप्रत्यय गाळलेल्या लॅटिनवर आधारित एक आंतरराष्ट्रीय भाषा मांडली होती. सदस्यत्वासाठी ∈ आणि समावेशासाठी वेगळे चिन्ह वापरण्याच्या पद्धतीमुळे 'आहे' या क्रियापदातील अर्थांची सरमिसळ गणितापुरती दूर झाली. बोलल्या जाणाऱ्या भाषेत तोच भेद पाळणे, हे तार्किक भाषांचे एक उद्दिष्ट मानता येते.

== 'आहे' या क्रियापदाचे तीन अर्थ ==

मराठीतील पुढील तीन वाक्ये रचनेने सारखी दिसतात, पण त्यांतील संबंध भिन्न आहेत.

* हा कुत्रा आहे. (सदस्यत्व: एक विशिष्ट प्राणी कुत्र्यांच्या संचात मोडतो.)
* कुत्रा हा प्राणी आहे. (समावेश: कुत्र्यांचा संच प्राण्यांच्या संचाचा उपसंच आहे.)
* हा मोती आहे. (तादात्म्य: दाखवलेला प्राणी आणि मोती नावाचा प्राणी एकच आहे.)

लोज्बानमध्ये या तीन वाक्यांची रूपे अशी होतात.

* ति गेर्कु
* रो गेर्कु शु दान्लु
* ति दु ला मोतिस

पहिल्या वाक्यात 'गेर्कु' म्हणजे 'कुत्रा असणे' हे विधेय 'ति' म्हणजे 'हा' या पदाला थेट लावले आहे. दुसऱ्यात 'रो' हा 'प्रत्येक' या अर्थाचा संख्यावाचक शब्द आला असून वाक्याचा अर्थ 'प्रत्येक कुत्रा प्राणी असतो' असा होतो. तिसऱ्यात 'दु' हा तादात्म्यदर्शक शब्द आहे. लोज्बानमध्ये विशेषनाम व्यंजनान्त असावे लागते, म्हणून 'मोती' चे रूप 'मोतिस' असे केले आहे. 'शु' या शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. तो पदे आणि विधेय यांच्यामधील सीमा दाखवतो.

सदस्यत्व आणि समावेश यांतील भेद केवळ शब्दांचा नाही. समावेश संक्रामक असतो: क हा ख चा उपसंच आणि ख हा ग चा उपसंच असेल, तर क हा ग चाही उपसंच असतो. सदस्यत्वाला हा नियम लागू होत नाही. एखादी व्यक्ती भारताची नागरिक आहे आणि भारत संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे, यावरून ती व्यक्ती संयुक्त राष्ट्रांची सदस्य ठरत नाही.

== 'श्मिमा' हा विधेयशब्द ==

लोज्बानच्या प्रत्येक विधेयशब्दाला ठरावीक क्रमाची पदस्थाने असतात. 'श्मिमा' ला दोन स्थाने आहेत. पहिल्या स्थानी घटक येतो आणि दुसऱ्या स्थानी ज्याचा तो घटक आहे तो संच येतो.

* मि श्मिमा लोहि प्रेनु: मी माणसांच्या संचाचा घटक आहे.
* मि ना श्मिमा लोहि गेर्कु: मी कुत्र्यांच्या संचाचा घटक नाही.

दुसऱ्या वाक्यातील 'ना' हा नकारदर्शक शब्द असून त्यामुळे गणितातील ∉ या चिन्हाचा अर्थ मिळतो.

'से' हा लघुशब्द विधेयाच्या पहिल्या दोन स्थानांची अदलाबदल करतो. त्यामुळे 'से श्मिमा' याचा अर्थ 'अमुक घटक असलेला संच असणे' असा होतो आणि वाक्याची सुरुवात संचापासून करता येते.

* लोहि गेर्कु शु से श्मिमा ति: कुत्र्यांच्या संचात हा घटक आहे.

'से श्मिमा' यापासून 'सेल्श्मि' हा सामासिक विधेयशब्द बनतो. 'संच असणे' ही कल्पना स्वतंत्रपणे मांडण्यासाठी तो वापरतात.

पहिल्या स्थानी संचाच्या घटकांची पूर्ण यादी किंवा अपूर्ण यादी, दोन्ही येऊ शकतात. त्यामुळे एखाद्या वाक्यात दोन घटक सांगितले, तर संचात तेवढेच दोन घटक आहेत असे अनुमान काढता येत नाही.

== संच निर्देशित करण्याच्या पद्धती ==

शालेय गणितात संच दोन प्रकारे लिहितात: गुणधर्म पद्धतीने आणि यादी पद्धतीने. लोज्बानमध्ये दोन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र व्याकरणिक साधने आहेत.

=== गुणधर्म पद्धती ===

विधेयापुढे संचदर्शक उपपद लावले की त्या विधेयाने वर्णिलेल्या सर्वांचा संच निर्देशित होतो. अशी उपपदे तीन आहेत.

* लोहि: जे खरोखर तसे आहेत त्यांचा संच. उदा. 'लोहि मिक्शे', डॉक्टरांचा संच.
* लेहि: वक्त्याच्या मनात असलेल्या, वक्त्याने तसे वर्णन केलेल्या विशिष्ट घटकांचा संच.
* लाहि: एखादे नाव धारण करणाऱ्यांचा संच.

ही उपपदे 'लो', 'ले' आणि 'ला' या साध्या उपपदांपासून सिद्ध झाली आहेत. उपपदानंतर संख्या घातल्यास ती संचातील घटकांची संख्या दाखवते.

=== यादी पद्धती ===

'शे' हा जोडक दोन किंवा अधिक पदांना जोडून त्यांचा संच तयार करतो. 'मि शे दो' म्हणजे मी आणि तू हे दोनच घटक असलेला संच. 'दो श्मिमा मि शे दो' हे वाक्य अर्थातच सत्य आहे. संचात घटकांचा क्रम महत्त्वाचा नसल्याने 'मि शे दो' आणि 'दो शे मि' यांचा अर्थ एकच होतो. क्रम महत्त्वाचा असेल, तर 'शेहो' हा वेगळा जोडक वापरून क्रमिका तयार करतात.

'शे' ला किमान दोन पदे लागतात, म्हणून एकच घटक असलेला संच त्याने बनवता येत नाही. त्यासाठी 'लुहि' हा शब्द आहे. 'लुहि मि' म्हणजे केवळ मी हा घटक असलेला संच. हा संच आणि 'मि' हे पद एक नव्हेत, आणि हा भेद संच सिद्धांतात मूलभूत मानला जातो. 'लुहि' च्या उलट 'लुहा' हा शब्द संचाकडून त्याच्या घटकांकडे नेतो.

=== रिक्त संच ===

ज्यात एकही घटक नाही असा संचही भाषेत वर्णिता येतो. 'नोदा श्मिमा कोहा' या वाक्याचा अर्थ 'कोणतीही वस्तू त्याचा घटक नाही' असा असून त्याद्वारे 'कोहा' या सर्वनामाने दर्शवलेला संच रिक्त असल्याचे सांगितले जाते.

== संच, समूह आणि व्यक्ती ==

लोज्बानमध्ये अनेक वस्तूंविषयी बोलण्याच्या तीन रीती व्याकरणानेच वेगळ्या केल्या आहेत. 'मी' आणि 'तू' यांनी टेबल उचलण्याच्या उदाहरणावरून त्यांतील फरक स्पष्ट होतो.

* मि ए दो बेव्री लो जुब्मे: मी टेबल वाहून नेतो आणि तूही नेतोस. हे विधान प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे केलेले आहे.
* मि झोय दो बेव्री लो जुब्मे: आपण दोघे मिळून टेबल वाहून नेतो. येथे दोघांचा एक समूह कृती करतो.
* मि शे दो बेव्री लो जुब्मे: मी आणि तू यांचा संच टेबल वाहून नेतो.

तिसरे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी अर्थदृष्ट्या असंगत आहे. संच ही अमूर्त गणिती वस्तू असल्याने ती ओझे वाहू शकत नाही, चालू शकत नाही आणि तिला रंग किंवा वजनही नसते. संचाला घटकसंख्या असते, उपसंच असतात आणि इतर संचांशी संबंध असतात. संचाचे गुण आणि घटकांचे गुण यांतील हा फरक पुढील जोडीत दिसतो.

* लो मान्ति शु श्मालु: मुंग्या लहान असतात.
* लोहि मान्ति शु बार्दा: मुंग्यांचा संच मोठा आहे.

दोन्ही वाक्ये एकाच वेळी सत्य असू शकतात. दुसऱ्यात मुंगीच्या आकाराविषयी काहीही म्हटलेले नाही. तेथे केवळ संचाची व्याप्ती सांगितली आहे.

समूहासाठी 'लोय' हे उपपद आणि 'गुन्मा' हा विधेयशब्द आहे. 'गुन्मा' मध्ये घटक एकत्रितपणे विचारात घेतलेले असतात आणि समूहाला घटकांचे गुण प्राप्त होऊ शकतात.

== संचक्रिया आणि उपसंच ==

दोन संचांपासून तिसरा संच तयार करण्यासाठी पुढील जोडक आहेत.

* झोहे: संयोग संच
* कुहा: छेद संच
* पिहु: कार्तीय गुणाकार

उदाहरणार्थ, 'ला किरन शु श्मिमा लोहि मिक्शे कु कुहा लोहि निन्मु' या वाक्याचा अर्थ 'किरण ही डॉक्टरांचा संच आणि स्त्रियांचा संच यांच्या छेद संचाची घटक आहे' असा होतो. यातील 'कु' हा शब्द उपपदाने सुरू झालेल्या पदाचा शेवट दाखवतो. हाच आशय 'ला किरन शु मिक्शे गिहे निन्मु' म्हणजे 'किरण डॉक्टर आहे आणि स्त्री आहे' असा संचाशिवाय सांगता येतो. छेद संच आणि 'आणि' तसेच संयोग संच आणि 'किंवा' यांच्यातील तार्किक समांतरता त्यातून दिसते. व्यवहारात दुसरी रचनाच अधिक आढळते.

एक वर्ग दुसऱ्या वर्गाचा उपवर्ग असल्याचे 'क्लेसी' या विधेयशब्दाने सांगतात: 'लोहि गेर्कु शु क्लेसी लोहि दान्लु', म्हणजे कुत्र्यांचा वर्ग हा प्राण्यांच्या वर्गातील उपवर्ग आहे. 'क्लेसी' ला तिसरे स्थानही असून उपवर्ग कोणत्या गुणधर्माने वेगळा ठरतो, ते तेथे सांगता येते. गणितातील उपसंचाच्या संबंधात अशा गुणधर्माची गरज नसते. त्यामुळे 'क्लेसी' हा शब्द गणिती उपसंचापेक्षा वर्गीकरणशास्त्रातील उपवर्गाला अधिक जवळचा आहे.

== सदस्यत्व आणि गुणधर्म ==

'मी माणूस आहे' हा आशय लोज्बानमध्ये तीन प्रकारे मांडता येतो.

* मि प्रेनु: विधेय थेट लावून
* मि श्काझि लो का प्रेनु: 'माणूस असणे हा गुणधर्म माझ्यात आहे' अशा रीतीने
* मि श्मिमा लोहि प्रेनु: संचसदस्यत्वाच्या रूपात

तिन्ही वाक्यांची सत्यता एकच परिस्थिती ठरवते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांत ज्यांविषयी बोलले जाते त्या वस्तू भिन्न आहेत. संच केवळ त्याच्या घटकांवरून निश्चित होतो. दोन संचांचे सर्व घटक समान असतील, तर ते दोन संच एकच असतात. गुणधर्मांना हा निकष लागू होत नाही. तत्त्वज्ञानातील एक परिचित उदाहरण असे, की हृदय असलेले सर्व प्राणी आणि मूत्रपिंडे असलेले सर्व प्राणी तेच असतील, तर त्यांचा संच एकच राहील. परंतु हृदय असणे आणि मूत्रपिंडे असणे हे दोन वेगळे गुणधर्म आहेत. लोज्बानमधील 'लोहि' आणि 'लो का' या रचना हा भेद जपतात.

== पदस्थानी संच अपेक्षित असलेले विधेयशब्द ==

मूळ शब्दसंग्रहातील काही विधेयशब्दांच्या व्याख्येतच विशिष्ट स्थानी संच यावा असे म्हटले आहे. त्यांपैकी प्रमुख शब्द असे.

* शुख़्ना: निवडणे. कोणत्या संचातून निवड केली, ते तिसऱ्या स्थानी येते.
* त्राझि: एखाद्या गुणात पराकोटीचा असणे. तुलना ज्या संचात होते तो चौथ्या स्थानी येतो.
* काम्पु: एखादा गुणधर्म संचाच्या सर्व घटकांत समान असणे.
* सिम्ख़ु: संचाच्या घटकांनी परस्परांशी एखादा संबंध ठेवणे.

'मि शे दो सिम्ख़ु लो नु प्रामि' म्हणजे 'मी आणि तू एकमेकांवर प्रेम करतो'. या वाक्यात व्याकरणाच्या नियमानुसार संच वापरलेला असला, तरी प्रेम करणारे घटक असतात, संच नव्हे. या विसंगतीमुळे संचांच्या वापराविषयी पुढे चर्चा झाली.

== उपपदांची सुधारणा ==

१९९७ च्या व्याकरणात प्रत्येक उपपदाला न उच्चारलेले संख्यादर्शक गृहीत धरले जात होते. 'लो' या उपपदानंतरची संख्या त्या वर्णनात बसणाऱ्या सर्व वस्तूंची एकूण संख्या मानली जाई. त्यामुळे 'लो शि गेर्कु' म्हणजे 'तीन कुत्रे' असे म्हटल्यास जगात केवळ तीनच कुत्रे आहेत असा अर्थ निघे. असे अर्थ व्यवहारात गैरसोयीचे ठरल्याने भाषानियोजन समितीने २००० च्या दशकात उपपदांची नवी व्याख्या स्वीकारली. ती 'ख़ोर्लो' या नावाने ओळखली जाते.

नव्या व्याख्येत 'लो' हे सर्वसाधारण उपपद झाले असून ते एक किंवा अनेक वस्तूंचा निर्देश करू शकते. 'लोहि गेर्कु' या रचनेचे स्पष्टीकरण आता 'लो सेल्श्मि बे लो गेर्कु' म्हणजे 'कुत्रे ज्याचे घटक आहेत असा संच' असे दिले जाते. अशा प्रकारे संचदर्शक उपपद ही स्वतंत्र कल्पना न राहता 'श्मिमा' या विधेयापासून साधलेले संक्षिप्त रूप ठरले.

या बदलामागील विचार अनेकवाची तर्कशास्त्राशी जुळणारा आहे. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलॉस यांनी १९८४ साली असे प्रतिपादन केले, की अनेकवचनी विधाने समजून घेण्यासाठी संचाची कल्पना मधे आणण्याची गरज नाही. वाडग्यातील धान्याचे दाणे खाणारा माणूस दाणे खातो, दाण्यांचा संच खात नाही, अशा आशयाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

अनेकवाची संदर्भात सदस्यत्वाची जागा 'मे' हा लघुशब्द घेतो. 'दो मे कोहा' म्हणजे 'तू त्यांच्यापैकी आहेस'. मराठीतील 'पैकी' या शब्दयोगी अव्ययाशी त्याचे अर्थसाम्य आहे. 'पैकी' वापरतानाही बोलणारा कोणत्याही अमूर्त संचाचा उल्लेख करत नाही, तर अनेकांमधील एकाचा निर्देश करतो. 'मे' चा संबंध ∈ पेक्षा वेगळा आहे. अनेकांपैकी काहीजण, आणि त्यांपैकी एक, अशी साखळी जोडली असता तो एक मूळ अनेकांपैकीच असतो. म्हणजे हा संबंध समावेशाप्रमाणे संक्रामक आहे.

== मर्यादा आणि टीका ==

'श्मिमा' च्या व्याख्येत संचाचा घटक असणे, गटात असणे आणि इतरांमध्ये समाविष्ट असणे हे अर्थ एकत्र दिले आहेत. गणिती संचाचे घटक बदलले की तो संच वेगळा होतो. याउलट एखाद्या मंडळाचे सभासद बदलले तरी मंडळ तेच राहते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरल्याने जो संदेह टाळण्यासाठी ही व्यवस्था निर्माण झाली, तो काही प्रमाणात तिच्यातच उरतो.

दुसरी मर्यादा तार्किक आहे. कोणत्याही विधेयाला 'लोहि' लावून संच निर्देशित करता येत असल्याने 'स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच' असे पदही व्याकरणशुद्ध ठरते. बर्ट्रंड रसेल यांनी १९०१ साली दाखवून दिलेला विरोधाभास नेमक्या याच वर्णनातून उद्भवतो. असा संच स्वतःचा घटक आहे असे मानले तर तो नसतो, आणि नाही असे मानले तर तो असतो. एर्न्स्ट झर्मेलो यांनी १९०८ साली मांडलेल्या स्वयंसिद्धकांत अशा संचनिर्मितीवर मर्यादा घातली आहे. लोज्बानच्या व्याकरणात तशी मर्यादा नाही. भाषेची हमी वाक्याच्या फोडीच्या एकवाक्यतेपुरती असते. वाक्यात वर्णिलेली वस्तू अस्तित्वात असू शकते की नाही, हे व्याकरण ठरवत नाही.

संचांचा एक लाभ मात्र अनेकवाची संदर्भातून मिळत नाही. अनेकवाची पदाला निर्देश करण्यासाठी किमान एक वस्तू असावी लागते. रिक्त संचाला असे बंधन नसते. संचांचे संच, संचाची घटकसंख्या आणि रिक्त संच यांविषयीची गणिती विधाने करताना 'श्मिमा' आणि 'लोहि' यांची उपयुक्तता कायम आहे.

== हे सुद्धा पहा ==

* लोग्लान
* कृत्रिम भाषा
* संच सिद्धांत
* विधेय तर्कशास्त्र
* रसेलचा विरोधाभास